कुंदगोळची गाडी

हुबळी शहरातील गोकुळ रोड हा प्रवाशाने मुद्दाम पाहावयास जावे असा रस्ता नव्हे. त्यावर विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे, मोटारी व ट्रॅक्टर विकणारी दुकाने आहेत. किर्लोस्कर इलेक्ट्रिकने आपला एक कारखाना याच रस्त्यावर उभारला. आणि वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे, म्हणजे बेळगाव, धारवाड, कारवार, गदग, हावेरी व बागलकोट या बाजूंस धावणाऱ्या सरकारी बसगाड्यांचे, मुख्य कार्यालयही येथेच आहे. धूळ पुष्कळ, सावली थोडी. तरीही एका कामानिमित्त हुबळीस गेलो असता या रस्त्यावरील नव्या बसस्थानकात आम्हांस सकाळचे दोन तास बसून काढावे लागले, आणि त्या दोन तासांनी जे दाखविले ते आमच्या वाचक कुटुंबांपुढे मांडावेसे वाटते.

आमच्या शेजारी बाकावर एक वृद्धा बसली होती. हातात कापडी पिशवी, पदराच्या टोकाला गाठ. आमचे मराठी बोलणे कानी पडताच ती आमच्याकडे वळली. ती अळणावरच्या बाजूची. लेक हुबळीस दिलेली, तिच्याकडे दोन रात्री राहून आता ती कारवारच्या गाडीची वाट पाहत होती.

"कारवारला कोण आहे, मावशी?" आम्ही विचारले.

"भाची हाय. पण भाचीचं निमित्त बघा. समुद्र बघायला निघालो."

(त्या मुलखातील स्त्रिया 'निघाले' न म्हणता 'निघालो' म्हणतात. प्रथम ऐकताना आम्ही चमकलो. पुढे ते कानांस गोड वाटू लागले.)

तिचे वय अडुसष्ट. कारवार तिच्या गावापासून काही परदेशात नाही. पण अडुसष्ट वर्षांत तिने समुद्र पाहिला नव्हता, आणि एकटीने लांबचा प्रवासही हा पहिलाच. घरच्यांनी विचारले, "एवढ्या लांब उगाच कशाला?" तिने उत्तर दिले, "उगाचच." हे सांगताना ती अशी हसली की आम्हांसही हसू आवरेना.

हा 'उगाच' शब्द आमच्या मनात घर करून राहिला. आपल्या खेड्यापाड्यांतील पुरुष उगाच पुष्कळ काही करतो. तो नाक्यावर उगाच उभा राहतो, उगाच बाजारात चक्कर मारून येतो, सामना पाहावयास उगाच मुंबईस जातो, आणि त्यास कोणी कारण विचारीत नाही. घरच्या बाईस मात्र उंबरठा ओलांडावयाचा तर सोबत कारण न्यावे लागते. माहेरी कोणी आजारी असावे, लेकीचे बाळंतपण असावे, नवस फेडावयाचा असावा, दवाखाना असावा. केवळ पाहावेसे वाटले म्हणून पाहून आले, हे कारण धरले जात नाही.

कर्नाटक शासनाने ११ जून २०२३ रोजी 'शक्ती' नावाची योजना सुरू केली. राज्यातील रहिवासी स्त्रियांना सरकारी महामंडळांच्या साध्या गाड्यांतून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता यावा, अशी ती योजना. वाहक त्यांस तिकीट देतो, पण ते शून्य रुपयांचे. गाड्या स्त्रियांनी भरून वाहू लागतील हे शासनाने आधीच ताडले असावे, कारण निम्म्या जागा पुरुषांसाठी राखून ठेवण्याचा नियमही सोबतच आला. पुरुषांस राखीव जागा! असे दिवस येतील असे आमच्या वडिलांस कोणी सांगितले असते तर त्यांनी ते थट्टेवारी नेले असते. योजना सुरू झाली त्या दिवसांत बेळगाव जिल्ह्यातील एका वृद्धेचे छायाचित्र वृत्तपत्रांतून सर्वत्र झळकले. गाडीत चढण्यापूर्वी तिने बसच्या पायरीवर मस्तक टेकले होते. जुलै २०२५ पर्यंत अशा प्रवासांची संख्या पाचशे कोटींवर गेल्याचे शासनाने जाहीर केले. आपल्या महाराष्ट्रातही १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे झाले. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झालेला होता.

या योजनांचा भार कोणी सोसावा, महामंडळांचे पुढे काय व्हावे, याविषयी मतभेद आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच एका तक्रारीचे. "बायका आता उगाच हिंडू लागल्या," असे जे म्हटले जाते, ते दोष म्हणून म्हटले जाते. आम्हांस वाटते, त्या योजनेची सर्वांत मोठी कमाई तीच आहे.

परंतु तिकीट शून्य रुपयांचे झाले म्हणून मनातील भाडे माफ होत नाही. ते मोठे महाग असते. लोक काय म्हणतील, आपणांस जमेल काय, आपण तेथे शोभू काय, आपला आवाज, आपली भाषा, आपली लुगडी-पातळे यांस कोणी हसेल काय. हे भाडे ज्याचे त्यानेच भरावे लागते. याच हुबळी शहरातून एक तरुण स्त्री सुमारे नव्वद वर्षांपूर्वी आगगाडीने ये-जा करीत असे, आणि तिने हे भाडे पुरेपूर भरले. तिचे नाव गंगूबाई हानगल.

गंगूबाईंचे नाव आमच्या जुन्या वाचकांनी आकाशवाणीवर ऐकलेले असेल. त्यांचा जन्म धारवाडात ५ मार्च १९१३ रोजी झाला. आई अंबाबाई ही कर्नाटक पद्धतीचे संगीत गाणारी. ज्या समाजात तिचा जन्म झाला, त्या समाजातील स्त्रियांचे गाणे लोक आवडीने ऐकत, आणि त्याच स्त्रियांना आपल्या ओसरीवर मात्र चढू देत नसत. धारवाडच्या शुक्रवारपेठेत, ब्राह्मण वस्तीत, हे कुटुंब राहत असे. लहानपणी शेजारच्या एका बागेतील आंबा चोरल्याबद्दल या मुलीस बोल खावे लागले. पुढे वृद्धपणी ती आठवण सांगताना गंगूबाई म्हणत की, त्या शेजाऱ्यास राग चोरीचा आला नव्हता. गाणारणीच्या मुलीचे पाऊल आपल्या बागेत पडले याचा आला होता. तीच माणसे नंतर त्यांस सन्मानाने घरी बोलावू लागली, हे त्या कडवटपणा न आणता सांगत.

१९२४ साली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकच अधिवेशन. तेथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची गंगू होती. समोर गांधीजी व देशभरचे पुढारी, आणि या मुलीच्या मनात काय होते? जेवणाच्या वेळी आपल्या जातीमुळे आपणांस निराळे वागवितील की काय, ही धास्ती. तरीही ती उभी राहिली आणि गायिली.

१९२८ मध्ये हे कुटुंब धारवाड सोडून हुबळीस आले, ते या मुलीस हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण मिळावे म्हणून. येथे आईविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. अंबाबाईचे स्वतःचे संगीत निराळ्या पद्धतीचे. घरात दोन पद्धतींचे स्वर मिसळून मुलीच्या कानांत गोंधळ होऊ नये म्हणून त्या माउलीने स्वतः गाणे थांबविले. एका स्त्रीचा कंठ मोकळा व्हावा म्हणून दुसरीने आपला मिटून घेतला. ही गोष्ट त्यागाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु आम्हांस ती वाचताना प्रत्येक वेळी थोडे वाईट वाटते. दोघींनाही गाता आले असते तर?

गुरू लाभले ते सवाई गंधर्व. त्यांचे मूळ नाव रामभाऊ कुंदगोळकर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे ते शिष्य, आणि मराठी रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांनी व पदांनी त्यांनी महाराष्ट्र गाजविलेला. कानडी मुलखात जन्मलेला हा माणूस मराठी नाटकांत गाऊन 'सवाई गंधर्व' झाला. आज भाषेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नाटक कंपनीच्या फिरतीमुळे गंगूबाईंचे शिक्षण आरंभी तुटक झाले. पुढे रामभाऊ कुंदगोळास स्थिर झाले आणि १९३७-३८ च्या सुमारास खरी तालीम सुरू झाली. कुंदगोळ हे गाव हुबळीच्या दक्षिणेस वीसेक किलोमीटरवर. त्या काळी ते जमखंडीच्या पटवर्धन संस्थानात होते.

गंगूबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास. विवाहिता, पदरी मुले. घर हुबळीत, गुरू कुंदगोळात. त्या आगगाडीने कुंदगोळास जात आणि शिकून परत येत. आज वाचताना यात विशेष ते काय, असे वाटेल. आमच्या वसईकडच्या मुली रोज विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने जातात. परंतु त्या काळी घरच्या बाईने एकटीने गाडीत बसावे आणि तेही गाणे शिकण्यासाठी, याचा अर्थ लोक एकच लावीत. शिकवणीस जाताना वाटेवरच्या घरांतून लोक बाहेर येऊन 'गाणारीण चालली' म्हणून टोमणे मारीत. त्या टोमण्यांखालून ही स्त्री मान खाली घालून जात असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात असे.

आणि तेथे जाऊन मिळे काय? पुष्कळदा एकच स्वरसमूह. गुरुजी एखादी लहानशी जागा देत आणि ती मनासारखी निघेपर्यंत तीच घोटून घेत. दिवसांमागून दिवस तेच. कृपण माणूस जसा एकेक नाणे जपून खर्च करतो तसा एकेक स्वर खर्च करावा, ही शिकवण गंगूबाईंनी जन्मभर सांगितली. जे आई-बाप चार महिन्यांत मुलाने पेटीवर दहा गाणी वाजवावीत म्हणून शिक्षकाच्या मागे लागतात, त्यांनी हे अवश्य मनात आणावे. गदगचा भीमसेन जोशी नावाचा एक मुलगा त्याच घरी राहून शिकत होता. त्या मुलाचे पुढे काय झाले हे सांगावयास नको.

परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही हा सर्व वृत्तान्त सांगावयास घेतला, ती पुढेच आहे.

गंगूबाईंच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका कोणी ऐकल्या असतील, तर त्यांवर 'गांधारी' हे नाव आढळेल आणि आवाज आढळेल तो बारीक, उंच, गोड. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीचा जसा असावा अशी लोकांची अपेक्षा असे तसाच. नंतर गळ्याच्या विकारावर, टॉन्सिल्सवर, शस्त्रक्रिया झाली. आणि तो आवाज गेला. म्हणजे मुकेपणा आला नाही. पण जो आवाज परत आला तो दुसराच होता. जाड, खोल, भारदस्त, आणि पुरुष गवई ज्या पट्टीत गातात तिच्या जवळपास उतरलेला. आपल्या कंठात स्वरतंतूंची जी जोडी असते ती जितकी जाड व सैल, तितकी तिची कंपने कमी होतात आणि स्वर खाली येतो. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो तो याच कारणाने. पण मुलाचा फुटलेला आवाज घरात कौतुकाचा विषय होतो. गाण्यावर कुटुंब चालविणाऱ्या स्त्रीचा आवाज असा बदलावा, याचा अर्थ काय होतो याची वाचकांनी कल्पना करावी. अंगावर लग्नाचे जुने वस्त्र घालावयास जावे आणि ते दुसऱ्याच कोणाचे निघावे, तसे झाले.

त्या क्षणी तीन वाटा होत्या. एक, गाणे सोडावे. कोणीही दोष दिला नसता. दुसरी, गेलेल्या आवाजाची नक्कल करीत राहावे, ताणून उंच पट्टीत गावे आणि लोकांनी 'पूर्वीसारखे राहिले नाही' म्हणत सहानुभूतीने ऐकावे. पुष्कळ कलावंत या दुसऱ्या वाटेने जातात. आणि केवळ कलावंतच नव्हे. ज्यांस आयुष्याने बदलून टाकले आहे, पण जे जुन्या फोटोसारखे दिसण्याचा आटापिटा करतात, अशी माणसे आपल्या प्रत्येक वाडीत आहेत.

गंगूबाईंनी तिसरी वाट धरली. त्यांनी पट्टी खाली आणली. जो आवाज मिळाला आहे त्यास काय शोभेल, याचा विचार केला. आरंभी त्या भजने, ठुमरी असे हलके प्रकारही गात. पुढे ते बाजूस ठेवून त्यांनी ख्याल धरला, एकेक स्वर सावकाश उलगडण्याचे गाणे. त्या जाड आवाजात तो विस्तार असा भरू लागला की, पूर्वीच्या गोड आवाजात तो कदाचित कधीच भरला नसता. ज्यास लोक दोष म्हणत होते तेच त्यांचे वैशिष्ट्य ठरले. अंधारात ऐकणारा प्रथम फसे, गाणारा पुरुष आहे असे समजे. आणि दिवा लागला की समोर नाकात चमकी घातलेली, नऊवारी नेसलेल्या आपल्या आजीसारखी दिसणारी लहानखुरी बाई.

१९७१ साली त्यांस पद्मभूषण व २००२ साली पद्मविभूषण मिळाले. २१ जुलै २००९ रोजी हुबळीतच, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नेत्रदान त्यांनी आधीच ठरविले होते. शहराच्या उणकल भागात त्यांच्या नावाचे संगीत गुरुकुल आहे. हे सर्व कोणत्याही संगीतविषयक पुस्तकात मिळेल. पण मानसन्मान आवाजाच्या मागून आले, आवाज मानसन्मानाच्या मागून आला नाही, एवढे ध्यानात असावे.

लेखणीच्या बाबतीतही असेच एक उदाहरण आपल्या ख्रिस्ती समाजात होऊन गेले आहे. लक्ष्मीबाई टिळक शाळेत जाऊन शिकल्या नव्हत्या; अक्षरओळख झाली ती घरी, पतीच्या हातून. पतीसारखे कवित्व, पंडिती भाषा त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी तिचा सोसही केला नाही. चुलीजवळ बसून जसे बोलावे तसे त्यांनी लिहिले, स्वतःच्या फजितीसुद्धा लपविल्या नाहीत, आणि १९३४ पासून खंडशः निघालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आज मराठीतील थोर आत्मचरित्रांत गणली जातात. ज्यांचे शुद्धलेखन निर्दोष होते अशा कितीतरी विद्वानांची पुस्तके त्याच काळात निघाली आणि विसरली गेली.

आता एक घरची गोष्ट सांगावयाची आहे. सांगू की नको, असे झाले होते.

आमच्या मातोश्रींचा आवाज जाड होता. शेतावर त्या हाक मारीत तेव्हा दोन वाड्यांपलीकडचा गडी वळून पाही. लॅटिन गीतांचा काळ सरून देवळात मराठी गीते गावयास आरंभ झाला, तेव्हा त्यांस फार आनंद झाला. आता शब्द समजत होते. त्या गायनवृंदात जाऊन उभ्या राहिल्या. दोन-तीन रविवार गेले आणि कोणीतरी, नाव सांगण्यात अर्थ नाही, हेतूही वाईट नसावा, त्यांस हळूच सांगितले की, तुम्ही मागे उभ्या राहा आणि नुसते ओठ हलवा. तुमच्या आवाजाने इतर मुलींचा सूर बिघडतो. मातोश्रींनी मान डोलाविली. त्यानंतर त्या कैक वर्षे त्याच ठिकाणी उभ्या राहून ओठ हलवीत असत. आम्ही लहानपणी त्यांच्याजवळ उभे राहत असू. आवाज येत नाही हे आम्हांस ठाऊक होते आणि त्याचे कारणही पुढे कळले. आम्ही कधी काही बोललो नाही.

एके रात्री घरी रेडिओ लावलेला होता. मातोश्री विळीवर बोंबील साफ करीत होत्या. संगीत सभा चालू होती, आम्हांस त्यातले काही कळत नव्हते आणि आम्ही काटा फिरवणार, तोच त्या म्हणाल्या, "राहू दे. हा बाप्या काय सुरेख गातोय." गाणे संपल्यावर निवेदकाने नाव सांगितले, गंगूबाई हानगल.

मातोश्रींचे हात थांबले. "बाई आहे?" त्यांनी विचारले. आम्ही होय म्हटले. त्या काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठल्या, बोंबील चुलीवर चढविले, आणि मोरीत भांडी घासताना, घरात सर्व माणसे असताना, त्या गाऊ लागल्या. देवळातलेच गाणे होते. आम्ही ते देवळात शंभर वेळा ऐकले होते, त्यांच्या तोंडून प्रथमच. वडील पडवीत बसले होते ते आत येऊन दाराशी उभे राहिले आणि पुन्हा बाहेर गेले.

गायनवृंदात मात्र त्या पुढेही ओठच हलवीत राहिल्या. रेडिओवरच्या एका गाण्याने सर्व बदलून गेले, असे लिहिले तर ते खोटे होईल. मोरीतले गाणे मात्र शेवटपर्यंत चालू राहिले. आज मागे वळून पाहता आम्हांस टोचते ते हे की, "आई, पुढे जाऊन मोठ्याने गा," हे वाक्य त्यांच्या मुलांपैकी कोणीही, एकदाही, उच्चारले नाही. त्यास काही खर्च नव्हता.

हुबळीचे काम आटोपल्यावर आम्ही कुंदगोळास जाऊन आलो. आता हुबळी स्थानकाचा फलाट १,५०७ मीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब म्हणून गाजलेला. १२ मार्च २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या फलाटावरून चालता चालता आमचे पाय दुखले आणि मनात आले की, ज्या दिवसांत गंगूबाई येथून गाडी धरीत, त्या दिवसांत फलाट आखूड होता आणि वाट लांब होती. पॅसेंजर गाडीत गर्दी बरीच. खिडकीबाहेर काळी जमीन, मिरचीची व कापसाची शेते. अर्ध्या तासाच्या आतबाहेर कुंदगोळ आले. गावातील नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव होत आला आहे, आणि शिष्या म्हणून गंगूबाई तेथे गायिल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता. वाड्याच्या आसपास दुपारची शांतता होती. एक मुलगी सायकल शिकत होती आणि तिचा धाकटा भाऊ मागून कॅरिअर धरून धावत होता. ती पडली, उठली, आमच्याकडे पाहून ओशाळली आणि पुन्हा चढली. आम्ही मुद्दाम दुसरीकडे पाहू लागलो. नवशिक्यास कोणी पाहत नाही असे वाटू देणे, हेदेखील एक साहाय्यच असते.

आमच्या वाचकांस येथवर येऊन कदाचित वाटेल की, कोठे पद्मविभूषण गंगूबाई आणि कोठे आपण. खरे आहे. परंतु आम्ही त्या मानाने लहान गोष्टींविषयीच बोलत आहोत. चाळिशीनंतर स्कूटी शिकू पाहणारी बाई, ग्रामसभेत उठून पाण्याच्या नळाविषयी प्रथमच बोलणारी सून, आजवर कधी न केलेला पदार्थ करून पाहणारी आजी, निवृत्तीनंतर चित्रे काढावयास बसलेला गवंडी. यांस आपण घरात काय म्हणतो? पुष्कळदा आपण काही वाईट म्हणत नाही. नुसते हसतो. पदार्थ बिघडला तर 'नेहमीचेच बरे होते' म्हणतो. सभेत बोलणाऱ्या सुनेस घरी आल्यावर 'फार पुढे पुढे करतेस' म्हणतो. 'नुसते ओठ हलवा' हे आपल्याकडे नाना शब्दांत सांगितले जाते. नवे करू पाहणाऱ्या प्रत्येकात गंगूबाई दडलेली नसते, हे उघड आहे. पुष्कळांचे गाणे बेसूरच राहील, चित्रेही वाईटच निघतील. पण मोरीत गाणाऱ्या आमच्या आईचे गाणे चांगले होते की वाईट, हे आम्ही आजही सांगू शकत नाही, आणि ते सांगण्याची आवश्यकता कधी वाटली नाही.

गोकुळ रोडवरच्या त्या मावशींचे सांगावयाचे राहूनच गेले. कारवारची गाडी लागली तेव्हा आम्ही त्यांची पिशवी वर दिली. खिडकीजवळ जागा मिळाली. वाहकाने कार्ड पाहून तिकीट फाडले. ते शून्य रुपयांचे तिकीट त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, नीट घडी केली आणि पदराच्या गाठीत बांधले.

"तुमचं गाव कुठलं म्हणालात?" त्यांनी खिडकीतून विचारले.

"वसई. समुद्राकाठीच आहे, मावशी."

"अगंबाई! मग तुमच्या आईनं रोज बघितला असंल."

आम्ही उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि आठवू लागलो. मातोश्री किनाऱ्यावर जात खऱ्या. मासळी घ्यावयास जात, बोंबील वाळत घालावयास जात, होडी परतली नाही म्हणजे इतर बायकांबरोबर जाऊन उभ्या राहत. नुसते बसून समुद्र पाहताना त्यांस आम्ही कधी पाहिले होते काय?

घंटी वाजली. मावशींनी हात बाहेर काढून हलविला, आणि गाडी गोकुळ रोडवर वळली.